तुला काय कळतंय त्यातलं?

सिनेमा बघून झाला की विषय संपला, असं कुठे होत असेल तर होवो बाई! आमच्या आजऱ्यात मात्र सिनेमा संपला की खरा खेळ सुरू होतो. एस. टी. स्टँडवर, दुकानाच्या पायरीवर, काजू सोलायला बसलेल्या बायकांच्यात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ‘पहिला भारी का दुसरा?’ हा वाद एकदा पेटला की लवकर विझत नाही. शेवटी आम्ही पडलो कोल्हापूर जिल्ह्यातले! बाबूराव पेंटरांनी १९२० साली कोल्हापुरात ‘सैरंध्री’ काढला, त्यातला भीमाने केलेला कीचकवध बघून प्रेक्षक हादरले होते. अचाट ताकदीचा नायक पडद्यावर आला आणि लोक त्याच्यावर बोलत बसले, याला आपल्याकडे शंभर वर्षं होऊन गेली की!

सध्या आमच्या गल्लीत वाद आहे तो ‘क्रिश’चा. मार्च २०२५ मध्ये राकेश रोशन यांनी ‘क्रिश ४’ची घोषणा केली आणि या वेळी दिग्दर्शन हृतिक रोशन स्वतः करणार असं जाहीर केलं. झालं! मुलांनी जुने भाग पुन्हा बघायला काढले, मोठ्यांना आपली तरुणपणं आठवली आणि घराघरात पक्ष पडले.

ज्यांनी बघितले नसतील त्यांच्यासाठी थोडी उजळणी करते. ऑगस्ट २००३ मध्ये ‘कोई मिल गया’ आला. त्यात बुद्धीने लहान राहिलेला रोहित आणि परग्रहावरून आलेला ‘जादू’. २३ जून २००६ ला ‘क्रिश’ आला. रोहितचा मुलगा कृष्णा, जन्मतःच अफाट ताकद घेऊन आलेला, तोंडावर मुखवटा घालून लोकांना वाचवणारा. मग १ नोव्हेंबर २०१३ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर ‘क्रिश ३’. तिन्ही राकेश रोशन यांचे आणि तिन्हींची गाणी त्यांच्या सख्ख्या भावाची, राजेश रोशन यांची. म्हणजे कुटुंब तेच, नायक तोच आणि चालीही एकाच घरातल्या. तरी एकावर एकमत होईल तर शपथ!

माझ्या वयाच्या मंडळींचं ठाम मत, पहिलाच भारी. त्यांचं कारणही नीट आहे. ‘कोई मिल गया’त संगीत नुसतं नाचण्यापुरतं नाही, गोष्टच त्याच्यावर उभी आहे. रोहितचे वडील कॉम्प्युटरवरून ‘ॐ’च्या स्वरांनी परग्रहावर हाक देतात, पुढे रोहितच्या हातून तेच स्वर वाजतात आणि यान खाली उतरतं. सूर काढून टाकले तर सिनेमाच उरत नाही. आमचे एक भाऊजी तर म्हणतात, “वैनी, त्या सिनेमात हिरो हृतिक न्हवं, ती धून हाय!”

२००६ साली जी मुलं शाळेत होती, त्यांचा जीव दुसऱ्या भागावर. तेव्हा काहींनी भरपावसात गडहिंग्लज, कोल्हापूर गाठलं, बाकीच्यांनी रोपलावण उरकून भाड्याने आणलेल्या सीडीवर पाहिला. हाँगकाँगच्या टोनी चिंग सिऊ तुंग यांनी बसवलेल्या हाणामाऱ्या, सिंगापूरच्या उंच इमारती, सर्कशीची आग... आपला माणूस असा झेपावताना त्यांनी पहिल्यांदा पाहिला. आणि गाणी? सोनू निगम आणि श्रेया घोषाल यांची त्यातली युगुलगीतं पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडच्या वराती-वाढदिवसांना वाजत होती. त्यांना कुणी ‘पहिला भारी’ म्हटलं की ती उसळतात.

आत्ताची दहावी-बारावीतली पोरं आणखी तिसरंच बोलतात. ती इंग्रजी सुपरहिरो मोबाईलवर बघून मोठी झालेली. त्यांचं म्हणणं, “एवढी गाणी कशाला? नायक संकटात, आणि हे डोंगरावर नाचायला!” त्यांना पार्श्वसंगीत आवडतं, म्हणजे नायक उडी घेतो तेव्हा मागे जो घणघणाट उठतो तो. ‘क्रिश’मधलं हे काम सलीम-सुलेमान यांचं. त्यातही तथ्य आहे. १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये नायक गाणं म्हणत नाही, पण जॉन विल्यम्स यांची ती धून सुरू झाली की न बघतासुद्धा कळतं, आता हा येणार! गाणं आपण गुणगुणतो, पार्श्वसंगीत आपल्या नकळत छातीत धडधडतं. दोन्हीची कामं वेगळी. आणि ‘क्रिश’च्या शेवटी रोहित वडिलांच्या वेळचाच कॉम्प्युटर उघडून जादूला पुन्हा हाक देतो, तेव्हा पहिल्या भागाचे सूर दुसऱ्या भागाशी जोडले जातात. हे सांगितलं की दोन्ही पक्ष घटकाभर गप्प बसतात. घटकाभरच हं!

आता तुम्ही म्हणाल, घरदार, बचत गट सोडून ही बाई सिनेमाच्या वादात कुठे शिरली? सांगते.

आमच्या मंडळाच्या खोलीत दर शनिवारी किशोरवयीन मुलं-मुली जमतात. अभ्यास, आरोग्य, कधी गाणी, कधी गप्पा. एका शनिवारी हाच वाद रंगला. मुलगे तावातावाने बोलत होते. कोपऱ्यात अकरावीतली एक मुलगी काहीतरी पुटपुटली. तिचाच धाकटा भाऊ, सहावीतला, फाटकन म्हणाला, “गप गं, तुला काय कळतंय त्यातलं?” सगळे हसले. तीही हसली आणि गप्प बसली. ते हसून गप्प बसणं मला टोचलं. कारण हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, नाही का मैत्रिणींनो? क्रिकेटवर बोललो की ‘तुला काय कळतंय?’, शेताच्या व्यवहारावर बोललो की ‘तुला काय कळतंय?’ आणि आपणही हसून चहा ठेवायला उठतो.

मग मी एक नियम काढला. नुसतं ‘लई भारी’, ‘नाद खुळा’ म्हणायचं नाही. जो बोलेल त्याने ‘कारण’ हा शब्द वापरलाच पाहिजे. आणि सुरुवात मुलींनी करायची.

पहिली पाच मिनिटं शांतता. मग त्या अकरावीतल्या मुलीनेच तोंड उघडलं. म्हणाली, “काकी, हे सगळे म्हणतात गाणी काढून टाका. पण ‘क्रिश’मधली गाणी काढली, तर प्रिया उरती किती?”

अगं बाई! मी हे तीन-चार वेळा पाहिलेलं, पण माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं. खरंच की. प्रियंका चोप्राची प्रिया आधी नोकरी टिकवण्यासाठी कृष्णाला सिंगापूरला बोलावून घेते, मग त्याच्या प्रेमात पडते आणि तिच्या वाट्याला उरतं ते बहुतेक गाण्यातच. हाणामारी त्याची, मुखवटा त्याचा, वडिलांना सोडवणंही त्याचंच. मुलग्यांना गाणी ‘अडथळा’ वाटतात आणि मुलींना ती तिची एवढीशी जागा वाटते. म्हणजे गाण्यांवरचा वाद नुसता चालींचा नव्हताच! त्यावर एका मुलाने बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, “मग तिला कथेत काम द्यायला पायजे हुतं.” बघा, ‘गाणी हवीत की नकोत’ यापेक्षा किती पुढचं बोलला तो.

मग काय, बांधच फुटला. एकीने ‘क्रिश ३’मधली काया काढली. कंगना राणावतची ही काया रूप बदलू शकते, भिंतीतून आरपार जाते, म्हणजे खरी ताकद असलेली बाई. पण तिला निर्माण केलं खलनायकाने, ती प्रेमात पडते नायकाच्या आणि शेवटी जीव देते. “तिचं तिला स्वतःसाठी काय पायजे, हे कुणी इचारलंच न्हाई,” असं ती पोरगी म्हणाली. हीच काया प्रियाचं रूप घेऊन घरात राहते आणि कृष्णाला पत्ता लागत नाही, हे मी पुढे बचत गटाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा बायका पोट धरून हसल्या. एक मावशी म्हणाल्या, “त्यात काय नवल! जेवणाचं ताट येळेवर आलं म्हंजे झालं, बायको कंची का असंना!” हसता हसता दोघी-तिघी एकदम शांत झाल्या, तेही मी पाहिलं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो आजीवरून. ‘क्रिश’मध्ये रेखाने केलेली ही आजी नातवाची ताकद ओळखते आणि त्याला घेऊन डोंगरात जाऊन राहते. मुलगा गमावलाय, नातू गमवायचा नाही, म्हणून ‘तुझी शक्ती कुणाला दाखवू नकोस’ असं वचन घेते. मुलगे म्हणाले, आजी चूक, एवढी ताकद असून लपवायची? मुलींपैकी बऱ्याच जणी आजीच्या बाजूच्या. “तिला भ्या वाटणारच की.” त्यावर एक सावळीशी, फारसं न बोलणारी मुलगी म्हणाली, “आमची आजी पण मला असंच सांगती. लई हुशारी दावू नको, स्थळं येनात मग.”

खोली गप्प झाली. सिनेमातल्या आजीला जगाची भीती होती, आमच्या आजीला लोकांच्या बोलण्याची. माया दोघींचीही खरी. पण कृष्णाला शेवटी मुखवटा मिळतो आणि वचन न मोडता तो जे करायचं ते करतो. आमच्या मुलींना कोणता मुखवटा मिळतो? गप्प बसण्याचा आणि हसण्याचा! आणि त्याने कुणी वाचत नाही.

मुलांना मी तेव्हा आपल्याच गावातली एक गोष्ट सांगितली. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत यांचा जन्म आजऱ्याचा. १९६७ साली आलेली ही कादंबरी कर्णाची. जन्मतःच कवच-कुंडलं अंगावर असलेला कर्ण म्हणजे आपला जुना सुपरहिरोच म्हणा ना. पण सावंतांनी ती गोष्ट एकट्या कर्णाच्या तोंडून सांगितली नाही. दुर्योधन बोलतो, शोण बोलतो, श्रीकृष्ण बोलतो, तशी कुंती बोलते आणि वृषालीही बोलते. आई आणि बायको यांना त्या पराक्रमी पुरुषाबद्दल काय वाटतं, हे त्यांच्याच शब्दांत येतं. “मग ‘क्रिश’ची गोष्ट आजीनं सांगितली तर कशी हुईल?” असं एकाने विचारलं. पुढच्या शनिवारी चौघींनी ती लिहून आणली. एकीने तर शेवटच बदलला होता, आजी स्वतः सिंगापूरला जाते!

तुम्ही म्हणाल, सिनेमाच तो, एवढं काय मनावर घ्यायचं? पण मला वाटतं, मत मांडायची सवय लावायला सिनेमाइतकी सोपी जागा नाही. इथे चुकलं तरी कुणाचं घर बुडत नाही, नातं तुटत नाही. सगळ्यांनी तेच पाहिलेलं असतं, त्यामुळे वयाचा, शिक्षणाचा बडेजाव चालत नाही. आवाज चढवून नाही, तर कारण देऊन समोरच्याला गप्प करता येतं, हे मुलीला एकदा कळलं की ती ते विसरत नाही. उद्या याच मुलींना लग्नाबद्दल, शिक्षणाबद्दल घरात बोलायचं आहे. महाराष्ट्रात पंचायतीत बायकांना निम्म्या जागा आहेत, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पण खुर्ची मिळाली म्हणून बोलणं येतं असं नाही. कितीतरी गावांत सभेला बायका डोक्यावर पदर घेऊन मागे बसतात, अंगठा किंवा सही करून घरी येतात. बोलायची सवय चाळिशीत लागत नाही हो, ती अकरावीत लागावी लागते.

आणि मुलग्यांचाही यात फायदा आहे. तो सहावीतला चिरंजीव आता बहिणीला विचारतो, “तुला कुठला भाग आवडला गं, आणि का?” ‘का’ विचारायला तो विसरत नाही. वाद अजून मिटलेला नाही, ती पहिल्या भागाची, तो तिसऱ्याचा. मिटायची घाई तरी कुणाला आहे?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी घरात सिनेमावरून भांडण जुंपलं की ‘बंद करा तो दंगा’ म्हणून ओरडू नका. हातातलं पीठ झटकून या आणि तिथे बसा. चाली आवडल्या का, गाणी जास्त झाली का, नायिकेला काम काय होतं, आजीचं बरोबर होतं का, सगळं बोला. मुलीला आधी बोलू द्या. सासूबाईंनाही विचारा, त्यांची मतं फार मजेशीर असतात! आणि तुमचं स्वतःचं मत ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणून गिळू नका.

‘क्रिश ४’ येईल तेव्हा येईल. त्यात गाणी किती असतील, कशी असतील, कुणास ठाऊक. आमच्या शनिवारच्या मुलींनी मात्र आत्ताच ठरवून टाकलंय, सगळ्यांनी मिळून एस. टी.ने जायचं, सिनेमा बघायचा आणि येताना गाडीत वाद घालायचा. कंडक्टर कितीही वैतागला तरी!