समुद्रकाठची शहरे (६) : दोन ज्वालामुखींमधले नेपल्स

दक्षिण इटलीतले सर्वांत मोठे शहर नेपल्स दोन ज्वालामुखींच्या मध्ये वसले आहे. पूर्वेचा व्हेसुव्हियस १,२८१ मीटर उंच आहे आणि शहरातल्या कोणत्याही उंच गच्चीवरून दिसतो. पश्चिमेचा मात्र डोंगर म्हणून दिसतच नाही. जमीन खचून तयार झालेले ते बारा-पंधरा किलोमीटर रुंदीचे कुंड आहे. त्याचा काही भाग समुद्राखाली गेला आहे आणि उरलेल्या भागावर गावे, मळे, सरोवरे आणि पोत्सुओली हे जुने बंदर आहे. या मुलखाला काम्पी फ्लेग्रेई म्हणतात. बहुतेक प्रवासी व्हेसुव्हियससाठी येतात आणि पॉम्पेई पाहून परततात. नेपल्स समजून घ्यायचे असेल तर मात्र आधी पश्चिमेकडे पाहावे लागते, कारण हे शहर ज्या दगडाने बांधले आहे तो त्या न दिसणाऱ्या ज्वालामुखीचा आहे.

सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी काम्पी फ्लेग्रेईत प्रचंड उद्रेक झाला. त्याची राख साचून घट्ट झाली आणि तिचा पिवळसर, हलका, साध्या हत्यारानेही कापता येणारा खडक बनला. इ.स.पू. आठव्या शतकात ग्रीक लोक जवळच्या क्युमी येथे स्थायिक झाले होते. त्यांनीच पुढे खाडीच्या काठाने पूर्वेला सरकत आधी पार्थेनोपे आणि नंतर, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुमारास, नेआपोलिस वसवले. पायाखालचा दगड काढायचा आणि त्याचीच भिंत उभारायची, ही इथली रीत शतकानुशतके चालली. वर शहर वाढत गेले तशी खाली पोकळी वाढत गेली. रोमनांनी या पोकळ्यांना जलवाहिनी जोडली आणि घराघराच्या विहिरीखाली टाकी तयार झाली. अरुंद भुयारांतून हिंडत ही टाकी साफ ठेवणाऱ्या माणसांचा इथे स्वतंत्र व्यवसाय होता. १८८४ च्या पटकीच्या साथीने हजारो माणसे दगावली. पुढच्याच वर्षी सेरिनोच्या झऱ्यांचे पाणी नळाने शहरात आले आणि जुनी टाकी कोरडी पडली. दुसऱ्या महायुद्धात विमाने घोंघावू लागल्यावर लोकांनी याच टाक्यांत आसरा घेतला. आज पियात्सा सान गाएतानोजवळून वाटाड्याबरोबर खाली उतरता येते. रस्त्यापासून सुमारे चाळीस मीटर खोलीवर ग्रीकांच्या हत्यारांचे घाव अजून भिंतीवर दिसतात.

वरच्या शहराची आखणीही ग्रीकच आहे. पूर्व-पश्चिम जाणारे तीन सरळ रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या अरुंद गल्ल्या हा नकाशा जवळजवळ पंचवीस शतके टिकून आहे. १९९५ मध्ये या ऐतिहासिक भागाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तो पाहायला वाहन नको. पायी हिंडणे हीच योग्य पद्धत. मधल्या व्हिया देइ त्रिबुनाली या रस्त्यावरच्या सान पाओलो माज्जोरे चर्चच्या दर्शनी भिंतीत दोन उंच रोमन स्तंभ उभे आहेत. तिथल्या जुन्या मंदिराचा दर्शनी भाग १६८८ च्या भूकंपात कोसळला. एवढेच मागे राहिले. समोरच्या सान लोरेन्झो माज्जोरेच्या तळघरात उतरले की रोमन बाजाराची गल्ली लागते. दगडी फरसबंदी, दुकानांचे गाळे, ओटे, सगळे जागच्या जागी आहे. काळाचे थर इतके उघड दाखवणारी दुसरी जागा नेपल्समध्ये नाही, आणि तिथे गर्दीही कमी असते.

याच रस्त्यावर पिओ मोन्ते देल्ला मिझेरिकोर्दिया या धर्मादाय संस्थेच्या चर्चमध्ये काराव्हाज्जोने १६०७ मध्ये पूर्ण केलेले सात सत्कृत्यांचे चित्र आहे. ज्या वेदीसाठी ते काढले तिच्यावरच ते आजही आहे. सानसेव्हेरो चॅपलमध्ये जुझेप्पे सानमार्तिनोचा १७५३ मधला संगमरवरी ख्रिस्त आहे. मृत देहावर पांघरलेले झिरझिरीत वस्त्र आणि त्याखालचा देह एकाच दगडातून कोरलेले आहेत, हे पाहतानाही पटत नाही. चॅपल लहान असल्याने तिकीट आधीच काढून ठेवावे. सांता क्यारा हे चौदाव्या शतकातले चर्च ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बफेकीत जळाले. युद्धानंतर ते मूळ साध्या गॉथिक रूपात पुन्हा उभारले गेले. मागच्या अंगणातले रंगीत फरश्यांचे खांब मात्र अठराव्या शतकातले आहेत.

मुख्य कॅथीड्रल शहराचा रक्षक संत जेन्नारो याचे आहे. त्याचे मानले जाणारे सुकलेले रक्त कुप्यांमध्ये जपले आहे. वर्षातून तीनदा ते भाविकांसमोर आणले जाते आणि ते पातळ होण्याची लोक प्राण कंठाशी आणून वाट पाहतात. तीनपैकी एक दिवस, १६ डिसेंबर, हा १६३१ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकाची आठवण आहे. नेपल्सची श्रद्धा आणि नेपल्सचे भय यांची गाठ इथे पक्की बसलेली आहे.

किनाऱ्याकडचे शहर राजांचे आहे. आंझू घराण्याने तेराव्या शतकात बांधलेला कास्तेल नुओव्हो, स्पॅनिश व्हाइसरॉयने सोळाव्या शतकात आखलेला व्हिया तोलेदो, १७३७ मध्ये उघडलेले सान कार्लो ऑपेरागृह ही स्थळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. केबलने ओढल्या जाणाऱ्या गाडीने व्होमेरो टेकडीवर जावे. तिथल्या सान मार्तिनो मठाच्या कठड्यावरून जुन्या शहराला सरळ रेषेत चिरत गेलेला स्पाक्कानापोली हा रस्ता, बंदर आणि व्हेसुव्हियस एकत्र दिसतात.

नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा. पॉम्पेई आणि हर्क्युलेनियममधली उत्तमोत्तम भित्तिचित्रे, मोझेक आणि ब्राँझच्या मूर्ती इथे आणल्या आहेत. उघड्या अवशेषांमध्ये बहुतांशी भिंतीच उरल्या आहेत, म्हणून संग्रहालय आधी पाहिले तर त्या भिंती डोळ्यांसमोर सजतात. १८३१ मध्ये सापडलेले अलेक्झांडर आणि दारयस यांच्या लढाईचे मोझेक जवळजवळ सहा मीटर लांब आहे.

मराठी वाचकाने आवर्जून शोधावी अशी वस्तू मात्र सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची आहे. १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली ही स्त्री उभी असून तिच्या दोन बाजूंना दासी आहेत. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता अनेक अभ्यासक ती यक्षी मानतात. डोक्यात छिद्र असल्यामुळे ती एखाद्या आसनाचा किंवा आरशाचा भाग असावी, असा तर्क आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात, तेर आणि भोकरदन इथे मिळाल्या आहेत. त्यामुळे तिचे मूळ सातवाहनांच्या मुलखात असावे असे मत मांडले जाते. मार्गही अवघड नाही. पैठण आणि तेरचा माल भडोचला जाई, हे पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदले आहे. भडोचहून तांबडा समुद्र, अलेक्झांड्रिया आणि तिथून पोत्सुओली. उलट दिशेनेही माल आला: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर रोमन जगातून आलेली पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझमूर्ती सापडली, ती आज तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला. परंपरेने २४ ऑगस्ट ही तारीख सांगितली जाते. पण पॉम्पेईत २०१८ मध्ये भिंतीवर कोळशाने लिहिलेली मध्य-ऑक्टोबरची तारीख मिळाली आणि अभ्यासकांचा कल शरद ऋतूकडे झुकला. पॉम्पेईवर आधी तासन्‌तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला आणि मग तप्त राख व वायूंचे लोट आले. राखेत देह कुजून पोकळ्या राहिल्या होत्या. त्यांत प्लास्टर ओतण्याची युक्ती १८६३ मध्ये जुझेप्पे फियोरेल्लीने केली, आणि मरणाच्या क्षणीची माणसे पुन्हा दिसू लागली. हर्क्युलेनियमला आधीचा दगडांचा पाऊस फारसा लागला नाही. तिथे थेट लोट आले आणि गाव सुमारे वीस मीटर थराखाली गेले. म्हणूनच तिथे लाकडी तुळया, दारे, पलंग कोळसा होऊन टिकले. किनाऱ्यावरच्या होड्यांच्या कमानींमध्ये आसऱ्याला गेलेल्या सुमारे तीनशे जणांचे सांगाडे मिळाले. एका हवेलीतल्या जळक्या पपायरसच्या गुंडाळ्या आता न उलगडता, क्ष-किरण आणि संगणकाच्या मदतीने वाचल्या जात आहेत.

पॉम्पेई विस्तीर्ण आहे. उन्हात तिथे पाय थकतात. एकच दिवस असेल, तर सकाळी हर्क्युलेनियम आणि दुपारनंतर व्हेसुव्हियसचे विवर हा बेत अधिक समाधान देतो. विवरापर्यंतची शेवटची चढण पायी करावी लागते. हा ज्वालामुखी शेवटचा मार्च १९४४ मध्ये उफाळला. नेपल्सहून निघणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना ही रेल्वे एर्कोलानो (म्हणजेच हर्क्युलेनियम) आणि पॉम्पेई दोन्हीकडे जाते.

पश्चिमेची सफर मात्र फार थोडे करतात. पोत्सुओलीच्या मध्यभागी रोमन बाजारपेठेचे तीन उंच स्तंभ आहेत. पायथ्यापासून काही मीटर वर त्यांच्यावर समुद्रातल्या शिंपल्यांनी पोखरलेली भोकांची पट्टी दिसते. म्हणजे हे स्तंभ जमिनीसह समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले. चार्ल्स लायलने १८३० मध्ये भूगर्भशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्यांचेच चित्र छापले. पृथ्वीचा पृष्ठभाग हळूहळू वरखाली होतो, याचा इतका नेमका पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण होते. ही हालचाल थांबलेली नाही. १५३८ मध्ये काही दिवसांतच इथे मोन्ते नुओव्हो ही टेकडी उभी राहिली. १९८२ ते १९८४ या काळात जमीन जवळजवळ पावणेदोन मीटर उचलली गेली आणि हजारो रहिवाशांना घरे सोडावी लागली. २००५ पासून ती पुन्हा वर येत आहे आणि लहान भूकंप वारंवार होतात. त्यामुळे जाण्यापूर्वी स्थानिक सूचना पाहून घ्याव्यात. सोल्फातारा हे वाफा सोडणारे विवर २०१७ च्या अपघातानंतर बंद करण्यात आले. जवळच्या बाइया इथे उलट घडले आहे: रोमन श्रीमंतांचे महाल उथळ समुद्रात बुडाले असून काचेच्या तळाच्या होडीतून त्यांच्या फरश्या पाहता येतात.

खाडीतली बेटे बोटीने गाठता येतात. काप्रीला दिवसभर गर्दी असते. प्रोचिदा लहान, शांत आहे आणि पोत्सुओलीहूनही तिथे जाता येते. दक्षिणेचा आमाल्फी किनारा आणि पेस्तुमची ग्रीक मंदिरे यांचा परिचय पुढील लेखांकात करून दिला जाईल.