चर्चच्या फादरना हिशेब कोण विचारतं?

खारेपाटणपासून बांद्यापर्यंतची बहुतेक कॅथलिक चर्च एकाच बिशपच्या अखत्यारीत येतात. 2005 मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला. मुख्य चर्च सावंतवाडीत आहे. पण गावातल्या फादरवर लक्ष कोण ठेवतं?

पैसा : चर्चच्या 1983 च्या कायद्यानुसार प्रत्येक पॅरिशमध्ये आर्थिक समिती सक्तीची आहे. तिच्यात भाविक असतात. दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असंही हाच कायदा सांगतो.

खुर्ची : वयाच्या 75 व्या वर्षी पॅरिशच्या फादरनी बिशपकडे आणि बिशपनी पोपकडे राजीनामा द्यायचा असतो.

शोषणाची तक्रार : पोप फ्रान्सिस यांच्या 2019 च्या नियमानुसार, पापनिवेदनातली गुप्तता वगळता, धर्मगुरूंनी अशी माहिती वरिष्ठांना कळवणं बंधनकारक आहे. पीडित 18 वर्षांखालील असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. बिशपना सांगितलं म्हणजे काम संपलं, असं नाही.

फादर कितीही सज्जन असले, तरी हे नियम लागतातच. उलट हिशेब उघडा असला की खोट्या आरोपांपासून तेही वाचतात.

म्हणून पॅरिशच्या सभेत दोन प्रश्न जरूर विचारा : आर्थिक समितीत कोण आहे? आणि शेवटचा हिशेब कधी वाचून दाखवला?