काय काढलें, काय घातलें?

खाण्यापिण्याविषयीं प्रत्येक घराचा स्वतःचा असा कांहीं दंडक असावा. डॉक्टरांनीं सांगितलेलें पथ्य आजारापुरतें असतें. दंडक धडधाकट माणसांसाठीं. आमच्या घरीं तो दोन प्रश्नांचा आहे. दुकानांतून आलेल्या या जिनसेंतून आधीं काय काढून घेतलें आहे, आणि तींत काय घातलें आहे?

श्रोतेहो, यांतील पहिला प्रश्न जगाला शिकविला तो कोंबड्यांनीं. १८९० च्या सुमारास जावा बेटांत, त्या वेळच्या बटाव्हिया शहरीं, ख्रिस्तियान आयकमान हे डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचें मूळ शोधीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्यांचे पाय एकाएकीं लुळे पडले, आणि पुढें कांहीं काळानें त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंतीं कळलें कीं, मधल्या दिवसांत त्यांना लष्करी इस्पितळांत उरलेला पॉलिशच्या तांदळाचा भात घालीत असत. नंतर नवा आचारी आला, आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देण्याचें त्यानें साफ नाकारलें! त्याच्या या करड्या शिस्तीनें वैद्यकशास्त्रावर केवढे उपकार केले! कोंडा व अंकुर यांच्याबरोबर जें निघून जात होतें त्याला पुढें थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, असें नांव मिळालें. आयकमान यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिक विभागून देण्यांत आलें. वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघानें १९३४ नंतर हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला, त्यामागें हेंही ज्ञान होतें.

तथापि, अन्नावर क्रिया झाली म्हणजे तें बिघडलेंच असें नव्हे. कोंकण-गोव्याकडील उकडा तांदूळ पाहा. भात सालीसकट भिजवून उकडतात, वाळवितात आणि मग कांडतात. उकडतांना कोंड्यांतील जीवनसत्त्वाचा कांहीं अंश दाण्यांत उतरतो, व पुढें कोंडा गेला तरी तो टिकतो. शहरांत आल्यावर हा जाडा भात पाहुण्यांना वाढण्याची ज्यांना लाज वाटते, त्यांनीं ती खुशाल सोडावी.

दुसऱ्या प्रश्नाचें ठळक उदाहरण वनस्पति तुपाचें. निकेलच्या साहाय्यानें तेलांत हायड्रोजन मिळविला कीं तें तुपासारखें गोठतें. ही क्रिया अर्धवट ठेवली असतां जीं ट्रान्स स्निग्धाम्लें तयार होतात, तीं हृदयाला घातक ठरलीं. तीं तेला-तुपांत दोन टक्क्यांहून अधिक असूं नयेत, असा नियम भारतांत जानेवारी २०२२ पासून लागू झाला. कित्येक पिढ्यांनीं तें खाल्ल्यानंतर!

पाकिटांतल्या खाद्याला मात्र दोन्ही प्रश्न एकदम विचारावे लागतात. पुढच्या बाजूचीं मोठीं अक्षरें वाचूं नयेत. मागची बारीक यादी वाचावी. त्या यादींत घटक वजनाच्या उतरत्या क्रमानें दिलेले असतात. पहिले तीन शब्द मैदा, साखर आणि पामतेल असले, तर पुढें ‘पौष्टिक’ लिहिलें असलें काय आणि नसलें काय! स्वयंपाकघरांत जीं कधींच नसतात अशीं नांवें त्या यादींत पुष्कळ आढळलीं, तर आम्ही तें पाकीट परत ठेवतों.

एक कबुली द्यावयास हवी. आमच्या एकादशीचा साबुदाणा या कसोटीला मुळींच उतरत नाहीं. कंदांतून काढलेला तो नुसता स्टार्च. पण तो बंद करण्याचा अधिकार घरीं मला नाहीं. म्हणून खिचडींत शेंगदाण्याचें कूट तेवढें मी सढळ हातानें घालावयास सांगतों.