देशप्रेम गाण्यावरून मोजता येतं का?



रोवणी आटोपत आली की पंधरा ऑगस्ट येतो. आपण गटाच्या बाया शाळेत झेंडावंदनाला जातो, राष्ट्रगीत म्हणतो. परतताना कधी कुजबुज ऐकू येते, "पाहिलंस का, तिचे ओठही हलले नाहीत!" आणि ती कुजबुज वाढत वाढत "तिला देशाचं काही पडलेलं नाही" इथपर्यंत जाते. एका बाईवर असा शिक्का बसला की गावात तिचं बसणं-उठणं कठीण होतं. म्हणून आज यावरच बोलू या. गाणं म्हणणं ही देशनिष्ठेची परीक्षा असावी का?

आधी आपल्या जवळचा इतिहास पाहू. १९३८ साली मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या कॉलेजात विद्यार्थी वंदे मातरम् म्हणायचे. सरकारने त्यावर बंदी घातली. मुलं मागे हटली नाहीत, तर त्यांना शिक्षणातूनच काढून टाकलं. त्यातल्या बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक.

यातून काय दिसतं? निजामाच्या सरकारनेही गाण्यावरूनच निष्ठा मोजली होती. जो गाईल तो आपला नाही, असं त्यांचं माप होतं. त्या मुलांच्या गाण्याला किंमत आली, कारण ते कोणी सांगितलं म्हणून गात नव्हते, मनातून गात होते. आपल्या विदर्भातले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव भजनं गायचे. लोक जागे होतात हे पाहून इंग्रजांनी १९४२ साली त्यांना तुरुंगात टाकलं. तेही मनातूनच गात होते. धाकाने गायला लावलं असतं, तर त्या गाण्यात हे बळ आलं असतं का?

आता उलटी गोष्ट ऐका. १९८५ साली केरळमध्ये एका कुटुंबातली तीन भावंडं शाळेतून काढली गेली. ती यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती रोज आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. आमचा धर्म गायची परवानगी देत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणालं, राष्ट्रगीत गायलाच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. मुलं आदराने उभी राहिली, त्यात अपमान कुठे झाला? मुलांना शाळेत परत घ्या. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून हा निकाल ओळखला जातो.

मग कायदा काय सांगतो? राष्ट्रगीताचा आदर राखणं हे संविधानाच्या कलम ५१-क प्रमाणे आपलं मूलभूत कर्तव्य आहे. १९७१ च्या कायद्याप्रमाणे कोणी मुद्दाम राष्ट्रगीत गाऊ दिलं नाही किंवा ते चालू असताना गोंधळ घातला, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे राष्ट्रगीताचा मान राखायचाच. पण उभं राहून गप्प राहणं हा गोंधळही नाही आणि अपमानही नाही.

काही ताई म्हणतील, "दोन ओळी म्हटल्या तर काय बिघडतं?" हा प्रश्न चुकीचा नाही. सगळ्यांनी मिळून गायलं की मनं जुळतात. रोवणीच्या चिखलात गाणी म्हणताना आपण हे अनुभवतोच. गाणी शिकावी, मुलांना शिकवावी, मोठ्याने गावी. पण गाणं शिकवणं वेगळं आणि गाण्यावरून माणूस पारखणं वेगळं. एखाद्या आजीने शाळाच पाहिली नाही, तिला शब्द येत नाहीत. एखादीला ऐकू येत नाही, एखादी बोलताना अडखळते. एखादीचा धर्म आडवा येतो. आणि रेशनच्या धान्यात काटा मारणाराही छाती फुगवून गाऊ शकतो. मग या परीक्षेत पास कोण आणि नापास कोण?

आपल्या गटाचंच पाहा. बैठक प्रार्थनेने सुरू होते. पण कोणती सभासद गटाची खरी, हे आपण तिच्या आवाजावरून ठरवतो का? नाही. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब, या पंचसूत्रीवरून ठरवतो. देशाचंही तसंच आहे. ग्रामसभेला जाणं, मत विकायचं नाही हे ठरवणं, मुलीला शाळेत टिकवणं, शेजारणीच्या अडचणीला धावून जाणं, यात देशप्रेम दिसतं.

म्हणून येत्या झेंडावंदनाला दोन गोष्टी करू या. ज्यांना गायचं आहे त्यांनी शब्द नीट पाठ करून मनापासून गावं. आणि कोणी आदराने गप्प उभी असेल, तर तिच्या ओठांकडे पाहू नये. कुजबुज सुरू झालीच, तर तिथेच सांगावं, "ती उभी होती ना? तेवढा मान पुरे." पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा आणि तुमच्या गटाला काय वाटतं ते आम्हाला कळवा.