जुनी गाडी, नवी इंधनव्यवस्था : इंजिन सुरू का होत नाही?

१९६५ साली अमेरिकेत तयार झालेली फोर्ड मस्टँग ही गाडी आज साठी ओलांडून गेली आहे. तिच्या आठ सिलिंडरांच्या, ४.७ लिटर क्षमतेच्या इंजिनाला सुरू होण्यासाठी फारसे काही लागत नसे. कार्ब्युरेटरच्या छोट्याशा टाकीत पेट्रोल साठलेले असे. स्टार्टरने इंजिन फिरवले की हवा आत ओढली जाई आणि ती हवाच पेट्रोल आपल्याबरोबर घेऊन जाई. टाकीतून पेट्रोल आणणारा पंप इंजिनाच्याच बळावर चाले. त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३५ किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे अगदीच सौम्य. विजेचे काम स्टार्टर फिरवणे आणि ठिणगी पाडणे एवढेच होते. ज्यांनी अँबॅसडर चालवली आहे त्यांना हा प्रकार परिचयाचा आहे: चोक ओढावा, ॲक्सिलरेटर एकदोनदा दाबावा आणि सेल मारावा.

अशा गाडीवर इंधन-अंतःक्षेपण, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘इंजेक्शन’, बसवण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. कार्ब्युरेटर काढून त्याच जागी त्याच्याच आकाराचे एक उपकरण बसवतात. त्यात पेट्रोलचे सूक्ष्म फवारे सोडणाऱ्या झडपा असतात. टाकीत किंवा टाकीजवळ विजेवर चालणारा पंप येतो आणि किती पेट्रोल सोडायचे हे एक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. पेट्रोलचा दाब आता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ किलोग्रॅम असतो. पूर्वीच्या दहापटींहून अधिक. गंमत अशी, की १९५८ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या काही गाड्यांवर बेंडिक्स कंपनीची विद्युत-इंजेक्शन यंत्रणा बसवली होती आणि ती इतकी बेभरवशाची ठरली की त्यांपैकी बहुतेक गाड्यांवर पुन्हा कार्ब्युरेटर चढवावे लागले. आजचे नियंत्रक त्या काळच्या मानाने फारच विश्वासार्ह आहेत. तरीही बदल केलेली गाडी एखाद्या सकाळी सुरू होईनाशी झाली, की मालक प्रथम नव्या पेटीवर संशय घेतो आणि ती बदलतो. हा खर्च बहुधा वाया जातो. दोष नव्या यंत्रणेत क्वचित असतो, जुन्या भागांत त्याहून थोडा अधिक. आणि सर्वांत जास्त वेळा तो या दोहोंच्या सांध्यावर असतो.

तपासणीचे पहिले साधन कान हे होय. चावी फिरवावी, पण सेल मारू नये. पंपाची गुणगुण साधारण दोन सेकंद ऐकू येऊन थांबली पाहिजे. नियंत्रक जागा झाला, त्याने नळीत दाब भरला आणि आता तो इंजिन फिरण्याची वाट पाहत आहे, असा त्याचा अर्थ. गुणगुण मुळीच आली नाही तर फ्यूज, रिले आणि पंपाची तार तपासावी. ठिणगीचा विचार त्यानंतर.

मात्र ही गुणगुण फसवीही ठरू शकते. जुन्या गाड्यांत चावी सेल मारण्याच्या स्थितीला नेली की रेडिओ, हीटर यांसारख्या उपकरणांची वीज मुद्दाम तोडली जाते. सारा प्रवाह स्टार्टरला मिळावा हा त्यामागचा हेतू. नियंत्रकाची तार अजाणता याच उपकरणांच्या तारेला जोडली गेली, तर पंप व्यवस्थित गुणगुणतो, पण ज्या क्षणी इंजिन फिरू लागते त्याच क्षणी नियंत्रक बंद पडतो. याचे लक्षण इतके नेमके आहे की एकदा समजल्यावर ते विसरणे कठीण: सेल मारत असताना इंजिन नुसतेच फिरते आणि चावी सोडताक्षणी एखादा धक्का देते किंवा सुरूही होते. दुसरी चूक याच जातीची आहे. फोर्डच्या त्या गाड्यांत कॉइलकडे जाणारी तार स्वतःच रोध असलेली असते, त्यामुळे चालत्या गाडीत कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत. कॉइलला ते सोसते. त्याच तारेवर जोडलेल्या नियंत्रकाला सोसत नाही. दोन्ही शंकांचे निरसन एका व्होल्टमीटरने होते. तो नियंत्रकाच्या तारेवर लावून दुसऱ्या माणसाला सेल मारायला सांगावे आणि काटा पाहावा.

काटा शून्यावर न जाता ९ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर बॅटरी, तिच्या गंजलेल्या टोकांचे सांधे आणि अर्थिंगची जाड तार यांकडे वळावे. कार्ब्युरेटरची गाडी अशक्त बॅटरीवरही कण्हत कुंथत सुरू होई. नियंत्रकाला ते जमत नाही. वीज कमी पडली की तो मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो.

वीज ठीक, पंप ठीक, ठिणगीही पडते, तरी फवारा नाही, अशा वेळी इंजिन फिरत आहे ही बातमी नियंत्रकापर्यंत पोहोचत नसावी. ही बातमी कॉइलकडून किंवा डिस्ट्रिब्युटरकडून एका बारीक तारेने येते. ती प्लगांच्या जाड तारांलगत नेलेली असेल, तर त्यांच्या विद्युत-गोंगाटात खरा संकेत हरवतो. तार दूर नेली की बरेचदा गाडी बिनतक्रार सुरू होते.

थंड आणि तापलेल्या इंजिनाच्या तक्रारी वेगळ्या मानाव्यात. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल हवे असते आणि ते ठरवण्यासाठी नियंत्रक पाण्यातील तापमापकावर विसंबतो. त्याची तार तुटली तर काही नियंत्रक बाहेर कडाक्याची थंडी आहे असे समजून प्लग भिजवून टाकतात. इथे जुनी सवयही आड येते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारला, तर अनेक नियंत्रक ‘पेट्रोल जास्त झाले आहे’ असा त्याचा अर्थ लावून फवारा थांबवतात. जुना चालक जितक्या जोराने पाय दाबतो, तितके पेट्रोल दुरावते.

तापलेली गाडी दहापंधरा मिनिटे थांबल्यावर सुरू होत नसेल, तर दोन शक्यता असतात आणि त्या वेगळ्या करणे सोपे आहे. चावी दोनतीनदा उघडझाप करून सेल मारल्यावर ती सुरू झाली, तर पंपाची परतझडप गळत असून नळीतील दाब उतरला आहे. याउलट ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच सुरू झाली, तर फवाऱ्याची एखादी झडप ठिबकत असून आत पेट्रोल साचले आहे.

यापुढे नळी उघडावी लागते आणि इथे धोका आहे. जुन्या दाबासाठी बनवलेली रबरी नळी आणि तिचा साधा क्लँप ४ किलोग्रॅमचा दाब फार काळ धरू शकत नाहीत. शिवाय अमेरिकेतील पेट्रोलमध्ये आता बहुधा इथेनॉल मिसळलेले असते आणि जुने रबर त्याने लवकर खराब होते. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची एक बारीक चिळकांडी उडाली तरी आग लागण्यास पुरेशी आहे. म्हणून इंजिन निवू द्यावे, पंपाचा फ्यूज काढून काही सेकंद सेल मारावा, मग बॅटरीची तार सोडावी, सांध्याभोवती फडके गुंडाळून तो सावकाश सैल करावा आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. परत जोडताना इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेलीच नळी वापरावी.