विश्लेषण : इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरच्या मागे रिकामी जागा का हवी?

दाराएवढे उंच, पातळ, आरपार दिसणारे स्पीकर. दुकानात ऐकताना गायिका समोर बसली आहे असे वाटते. घरी आणून भिंतीला टेकवले की तोच आवाज चपटा होतो, तानपुऱ्याचा खर्ज गायब होतो आणि दोष ॲम्प्लिफायरला दिला जातो. बहुतेक वेळा दोष मागच्या भिंतीचा असतो. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर लाखांच्या घरात जातात, त्यामुळे खरेदीआधी खोली मोजलेली बरी.

हे स्पीकर वेगळे कसे?

नेहमीच्या स्पीकरमध्ये चुंबक, तारेचे वेटोळे आणि कागदी किंवा प्लास्टिकचा कोन असतो. इथे यातले काही नाही. केसापेक्षा कितीतरी पातळ प्लास्टिकची फिल्म दोन जाळीदार पत्र्यांच्या मधोमध ताणलेली असते. फिल्मला काही हजार व्होल्टचा स्थिर विद्युतभार दिलेला असतो. ॲम्प्लिफायरचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरने वाढवून त्या पत्र्यांना दिला जातो. एक पत्रा फिल्मला ओढतो, दुसरा ढकलतो. केसांवर घासलेला फुगा भिंतीला चिकटतो, तेच विज्ञान. फिल्म जवळजवळ वजनरहित असल्याने ती सिग्नलबरहुकूम चटकन हलते आणि चटकन थांबते. आवाजातली स्पष्टता येते ती यातून.

इंग्लंडमधल्या पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने 1957 मध्ये आणलेला ‘ईएसएल’ हा या जातीचा मूळपुरुष. आज अमेरिकेतली मार्टिनलोगन कंपनी वक्र पॅनेल आणि खाली बाससाठी साधा वूफर अशी ‘हायब्रिड’ जोडी विकते.

मागच्या भिंतीचा संबंध काय?

साध्या स्पीकरचा मागचा आवाज खोक्यात कोंडलेला असतो. इथे खोकेच नाही. फिल्म पुढे सरकली की समोर हवा दाबली जाते आणि मागे ती विरळ होते. म्हणजे जेवढा आवाज तुमच्याकडे येतो, जवळपास तेवढाच उलट्या फेजमध्ये मागे जातो, भिंतीवर आपटतो आणि परत येतो.

आता थोडे गणित (इंजिनीअरिंगचा तेवढाच उपयोग). आवाज सेकंदाला साधारण 1130 फूट जातो. स्पीकर भिंतीपासून 1 फुटावर असेल तर परतीचा आवाज 2 फूट जास्त चालून, म्हणजे 2 मिलिसेकंदांच्या आत मूळ आवाजात मिसळतो. इतक्या कमी अंतराने आलेला प्रतिध्वनी कानाला वेगळा कळत नाही. तो आवाजाचा रंगच बदलतो. 565 हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात आणि ही पट्टी गायकाच्या आवाजाच्या ऐन मध्यात येते. शिवाय खालचे सूरही पातळ होतात, कारण लांब लहरींना हा उलटा प्रतिध्वनी जवळजवळ लगेच गाठतो. स्पीकर 3 फूट पुढे आणला तर उशीर 5 मिलिसेकंदांच्या पुढे जातो, पहिला खड्डा 190 हर्ट्झच्या जवळ सरकतो आणि बास बराच सावरतो. म्हणून 3 फूट ही किमान मर्यादा धरा. 4 किंवा 5 मिळाले तर उत्तमच.

फ्लॅटमध्ये हे जमते का?

10 बाय 14 फुटांच्या खोलीत स्पीकर आखूड भिंतीपासून साडेतीन फूट पुढे, तिथून साडेसात फुटांवर खुर्ची आणि डोक्यामागे 3 फूट, असा हिशेब बसतो. अरुंद खोली ही इथे फारशी अडचण नाही. पॅनेलच्या कडेच्या दिशेने पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतात, त्यामुळे बाजूच्या भिंतींचा त्रास साध्या स्पीकरपेक्षा कमी होतो. मागच्या भिंतीवर पातळ फोम चिकटवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. पातळ फोम फक्त वरचे सूर शोषतो, बाकीचे तसेच परततात. लहानमोठ्या पुस्तकांनी भरलेले कपाट आवाज विखुरते, ते जास्त कामाचे.

कोन ठरवताना मोबाइलचा टॉर्च उपयोगी पडतो. ऐकायच्या जागी बसा, टॉर्च हनुवटीखाली धरून पॅनेलवर पाडा. वक्र पॅनेल असेल तर चकाकी आतल्या बाजूच्या एक तृतीयांश भागात दिसली पाहिजे. सपाट पॅनेल आधी थेट कानाकडे वळवा, मग इंच-इंच बाहेर. खूण म्हणून जमिनीवर मास्किंग टेप लावा. तपासायला एकच गायिका आणि तानपुरा असलेले रेकॉर्डिंग घ्या. आवाज दोन्ही पॅनेलच्या बरोब्बर मधून आला की थांबा. उभे राहिल्यावर किंवा बाजूला सरकल्यावर वरचे सूर कमी ऐकू येतील. तो बिघाड नव्हे. मोठे पॅनेल आवाज टॉर्चसारखा एका दिशेने फेकते.

वीज, दमट हवा, धूळ

प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र प्लग लागतो, कारण फिल्मचा भार मेनमधून येतो. ॲम्प्लिफायरही दमदार हवा. वरच्या सुरांना काही मॉडेलचा रोध 1 ओहमच्या खाली उतरतो. मात्र 1957 चा क्वाड जुन्या बाजारातून घेतला असेल तर उलटे: जास्त ताकदीच्या ॲम्प्लिफायरने आत ठिणगी पडून पॅनेल जळू शकते.

भारित फिल्म धूळ ओढते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात त्या धुळीत ओल उतरली की भार गळू लागतो, एका बाजूचा आवाज मंदावतो, कधी टकटक किंवा खरखर येते. स्पीकर उघड्या खिडकीजवळ ठेवू नका. प्लग काढून काही तास, शक्यतो रात्रभर जाऊ द्या आणि मग मऊ ब्रशच्या व्हॅक्यूम क्लीनरने जाळी साफ करा. ओले फडके नको, आणि मागचे झाकण स्वतः उघडायचे नाही. आत हजारो व्होल्ट असतात.

विक्रेत्याकडे घरी डेमो मागा. त्याआधी पुठ्ठ्याचे, स्पीकरच्या मापाचे दोन तुकडे भिंतीपासून साडेतीन फुटांवर आठवडाभर उभे करा. कपाटाचे दार उघडते का, केर काढता येतो का, येता-जाता कोणाचा धक्का लागतो का, हे घरातले सगळे चार दिवसांत सांगतील.