दिवटी, हॅलोजन आणि एलईडी

माहूरच्या रेणुकामातेचा गोंधळ उभा राहतो तेव्हा संबळाइतकाच मान दिवटीला असतो. तेलात भिजलेल्या कापडाच्या त्या ज्योतीत गोंधळ्याचा चेहरा व कपाळावरील मळवट जसे उठून दिसतात, तसे ते भर दुपारीही कित्येकदा दिसत नाहीत. पडदा नाही, विंग नाही. प्रकाशयोजना म्हणावयाची तर ती एवढ्या एका दिवटीची. त्याच नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील माळेगावला, मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते व तमाशाचे फड उतरतात. तेथे मशाल गेली, गॅसबत्ती आली. बत्ती गेली, विजेचा दिवा आला. आणि आता हॅलोजनची जागा एलईडी घेऊ लागली आहे. दिवा बदलला म्हणजे उजेड कमी-अधिक होतो एवढेच सामान्यतः ध्यानात येते. वस्तुतः दिव्याबरोबर रंग बदलतात, आणि अंधार होण्याची रीतही बदलते.

याचे कारण दिव्यांच्या कुळात आहे. दिवटीची ज्योत पिवळी दिसते ती तीत तापून लाल-पिवळे झालेल्या काजळीच्या सूक्ष्म कणांमुळे. विजेच्या जुन्या दिव्यात काजळीच्या ऐवजी टंगस्टनची तार तापते, इतकाच फरक. तापलेल्या घन पदार्थाच्या प्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे सर्व रंग सलग असतात. ज्योतीत तांबडा फार व निळा अल्प, तारेत निळा थोडा अधिक. दिवटी आणि हॅलोजन हे अशा रीतीने सख्खे भाऊबंद होत. गॅसबत्तीचे मँटल हे त्यांचे चुलत नाते: थोरियमच्या भस्मात शेकडा सुमारे एक भाग सिरियम घातले की रॉकेलच्या ज्वालेत ती जाळी पांढरीशुभ्र तळपते, हा शोध व्हिएन्नाच्या आउअर याने १८९१ च्या सुमारास पूर्णत्वास नेला. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाने १८८१ मध्येच विजेचे दिवे लावले होते. खेड्यापाड्यांतील फडाला मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे बत्तीचाच आधार होता.

हॅलोजन १९५९ च्या सुमारास आला. साध्या दिव्यात तारेचा धातू उडून काच काळवंडते. हॅलोजनमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीन तो उडालेला धातू परत तारेवर आणून सोडते. त्यामुळे तार अधिक तापवता येते व उजेड शुभ्र पडतो. मात्र ज्या विजेचे बिल भरावयाचे, तिच्यातील शंभरांपैकी जेमतेम दहा भाग डोळ्यांना दिसतात, उरलेली उष्णता नटाच्या कपाळावर उतरते. हजार वॅटचे सोळा ‘पार’ दिवे लावले की सोळा किलोवॅट, म्हणजे सुमारे सत्तर अँपिअर वीज लागते. फडाच्या जनरेटरला हे ओझे लहान नव्हे. शिवाय व्होल्टेज पडले की तारेचा दिवा किती रुसतो हे ग्रामीण प्रेक्षकांस सांगावयास नकोच: दाब शेकडा दहा कमी झाला तर उजेड शेकडा तीसने घटतो, आणि जो उरतो तोही तांबूस होतो.

एलईडीचे कूळ निराळे. येथे काहीच तापवून उजळावयाचे नसते. अर्धवाहकाच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतो आणि त्या उडीच्या मापाचा एकच रंग बाहेर पडतो. पुरेसा तेजस्वी निळा रंग १९९० नंतर जपानात साधला तेव्हा पांढऱ्या उजेडाची वाट मोकळी झाली. त्या कार्यासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सोळा हॅलोजनांचे काम दीडशे वॅटच्या सोळा एलईडींवर भागले तर भार अडीच किलोवॅटच्या आत येतो. व्होल्टेज खाली-वर झाले तरी चांगल्या बनावटीच्या दिव्याचा उजेड हलत नाही. रंगीत कागद नकोत, ते जळण्याची भीतीही नको. उघड्या माळावरील तमाशाला याहून सोयीचे साधन सध्या तरी नाही. मात्र जनरेटरचा एखादा झटका आतील मंडलास मारक ठरतो, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धुळीने पंखा बसला की ‘पन्नास हजार तास’ हे वेष्टनावरच राहतात.

आता तोट्याची बाजू. स्वस्त एलईडीत तांबडा, हिरवा व निळा असे तीनच रंग असतात; त्यांच्या मिश्रणाने पडदा पांढरा दिसतो, पण मधले पिवळे-नारिंगी किरण त्या उजेडात जवळजवळ नसतातच. माळेगावी उधळला जाणारा भंडारा घ्या. हळदीचा पिवळेपणा सलग उजेडात पुष्कळ किरणांच्या बळावर उभा असतो. तीन रंगांच्या उजेडात त्याला हिरवा व तांबडा यांवरच भागवावे लागते आणि त्याची छटा बदलते. नऊवारीच्या काठाची व नटाच्या कांतीचीही तीच गत. यावर उपाय आहे: निळ्या स्फटिकावर स्फुरद्रव्याचा लेप दिलेले पांढरे दिवे, किंवा तीन रंगांना अंबर व पांढऱ्याची जोड दिलेले दिवे. किंमत अर्थातच वाढते.

लावणीच्या कार्यक्रमांत व वाद्यवृंदांत ‘शार्पी’ म्हणून जे फिरते झोत दिसतात, त्यांपैकी कित्येकांत तिसरेच कूळ असते: दाबाखालील वायूत पेटलेली विजेची ठिणगी. झोत विलक्षण तीव्र, पण वीज क्षणभर खंडित झाली तर दिवा विझतो व निवेपर्यंत काही मिनिटे पुन्हा पेटत नाही. नाटकाला तो मानवत नाही.

नाटकाची खरी अडचण अंधार करताना दिसते. राज्य नाट्य स्पर्धेसाठी नांदेडच्या कुसुम सभागृहात किंवा लातूरच्या दयानंद सभागृहात हौशी मंडळी प्रयोग उभा करतात, तेव्हा शेवटच्या प्रवेशात उजेड हळूहळू मावळावा अशी दिग्दर्शकाची इच्छा असते. तारेचा दिवा डिमरवर खाली आणला की तो पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा शेंदरी होत विझतो, सूर्यास्तासारखा किंवा दिवटीसारखा. ही लाली त्याला कोणी शिकवलेली नाही. तार निवत जाते म्हणून ती येते. एलईडी मात्र त्याच रंगात बारीक होते आणि शेवटी पायरी चुकल्यासारखी एकदम मिटते. साध्या यंत्रात उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. दोनशेवरून एकशे नव्व्याण्णववर येताना डोळ्यास काही कळत नाही. पण दोनवरून एकवर येताना उजेड एकदम निम्मा होतो, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यास तो धक्का स्पष्ट जाणवतो. ६५,५३६ पायऱ्यांची सोय असलेल्या दिव्यांत हा दोष बहुतांशी जातो. लाली मात्र मुद्दाम योजावी लागते, अंबर दिवा शेवटपर्यंत रेंगाळत ठेवून.

म्हणून ज्या मंडळाच्या अडगळीत जुने हॅलोजन आहेत त्याने ते भंगारात घालण्याची घाई करू नये. सर्व रंगमंच एलईडीने उजळावा आणि चेहऱ्यांवरचे दोन-चार दिवे तारेचे ठेवावेत. तेवढ्याने विजेचा भार फारसा वाढत नाही. त्यांच्या काचेस मात्र उघडा हात लावू नये. बोटाचे तेल लागलेल्या जागी ती तापून खराब होते व दिवा अकाली जातो.

नवे दिवे घेताना दुकानदाराच्या पांढऱ्या भिंतीवर ते पारखण्यात अर्थ नाही, कारण भिंत पांढरी दिसावी एवढी सोय प्रत्येकातच असते. चिमूटभर हळद, थोडे कुंकू, हिरव्या साडीचा पदर व स्वतःचा तळहात दिव्याखाली धरावा आणि शेजारी तारेचा एक दिवा लावावा. मग डिमर अगदी तळाशी आणून मोबाईलचा कॅमेरा समोर धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा वेगाने लुकलुकतो आहे असे समजावे, आणि चित्रीकरण व्हावयाच्या प्रयोगासाठी दुसरा मागावा.